मायच्या एकोणीस ओव्या

नांदेडच्या आमच्या खोलीत घड्याळ नव्हते; भिंतीपलीकडे तय्यबा खालाची शिलाई मशीन होती. पहाटेची नमाज झाली की खाला पायडलवर पाय ठेवत, आणि मग दिवसभर ती भिंत आमच्याशी टाक्याटाक्याने बोलत राही. नदीकडून वारा असला तर त्या आवाजाखाली गुरुद्वाऱ्यातल्या पेटीचा सूर पातळ पसरलेला असे, पुसलेल्या फरशीवर मागे राहणाऱ्या ओलाव्यासारखा. त्या दोन आवाजांच्या मधून सकाळी माय घरी येई. चपला काढण्याआधीच तिचा वास उंबरा ओलांडत असे: फिनाईल, स्पिरिट आणि जागरणाचा एक कडसर वास, ज्याला मला अजूनही नाव सापडलेले नाही. मोरीत बसून ती कोपरापर्यंत हात राखेने घासून काढी. उजव्या तर्जनीचे टोक मात्र कधीच स्वच्छ होत नसे. रुग्णांच्या तोंडातल्या फोडांना लावायचे जांभळे औषध तिथे कातडीत मुरले होते. माझी धाकटी बहीण चंदी त्या बोटाला ‘मायचं जांभूळ’ म्हणे आणि झोपताना तेच बोट धरून झोपे.

माय एका खाजगी दवाखान्यात आया होती. वडील गेले तेव्हा चंदी पाळण्यात होती. मायच्या गाठीला सातवीपर्यंतचे वाचन होते आणि चाकूरजवळच्या माहेरी मोटा-नांगरांच्या घरात वाढलेले दंड होते. त्या दंडांवरच आमचे तिघींचे चालले होते. तिच्याहून दुप्पट वजनाच्या माणसाला ती पलंगावरून खुर्चीत अशी आणून ठेवी की त्याला आपण हललो हे उशिरा कळे. कसे जमते असे मी एकदा विचारले होते. ती म्हणाली, “माणूस उचलायचा न्हाई गं. त्याचा श्वास वर येऊस्तवर थांबायचं. श्वासामागं अंग आपसूक येतं.” पुढे आयुष्यभर कवितेच्या तासाला मी यती शिकवला, ओळीत थांबायचे कुठे ते शिकवले, पण याहून नेमके मला काही सांगता आले नाही.

दवाखान्याच्या मुख्य परिचारिका सिस्टर रोझलिन केरळच्या होत्या आणि दोन वर्षे इटलीत राहून आल्या होत्या. मायचे हात त्यांनी हेरले होते. तिकडे घरोघरी म्हातारी माणसे एकटी आहेत, त्यांना उठवायला-बसवायला माणूस मिळत नाही, इथे तू जे करतेस तेच तिथे करायचे, असे त्या मायला सांगत राहिल्या. निवड करायला तिकडच्या दोन बाया दिवाळीनंतर लातूरला येणार होत्या. त्यांना फार काही नको होते. कोण उठले, कोण पडले, कोण बाहेर गेले, कोण जेवले एवढे रोजचे त्यांच्या बोलीत सांगता यावे. सिस्टरांनी तळहाताएवढी एक पुस्तिका दिली. डावीकडे इंग्रजी, उजवीकडे इटालियन. तिच्यात लाल पेन्सिलीने साठ क्रियापदांवर खुणा केलेल्या होत्या. इंग्रजी मला येत होते, कारण मी अकरावीला होते. आणि मायला माझ्याशिवाय दुसरी शिक्षिका परवडणारी नव्हती. अशा रीतीने वयाच्या सतराव्या वर्षी मी माझ्या आईची मास्तरीण झाले.

माय निवडली गेली तर काय होणार हे घरात आधीच ठरून गेले होते. माय दोन वर्षांसाठी जाणार. नांदेडची खोली सोडायची. मी आणि चंदी चाकूरजवळ मामाकडे राहणार. मामा वाईट नव्हता. त्याने इतकेच म्हटले होते की शकूचे, म्हणजे माझे, आता पुष्कळ शिकून झाले, आमच्या घरात दोन हात वाढले तर बरेच. हे ऐकताना माय भाकरी थापत होती. तिचा हात एक क्षण पिठावर थांबला, मग पुन्हा चालू लागला. तिला जायचे होते, आणि तिने जावे असे सगळ्यांना वाटत होते. मलाही वाटते असे मी म्हणत होते.

पहिले आठ दिवस फुकट गेले. रात्रपाळीहून आलेली माय सुशीला खाऊन, म्हणजे भिजवलेल्या मुरमुऱ्यांना दिलेली ती मिरची-शेंगदाण्यांची फोडणी खाऊन, भिंतीला पाठ टेकून माझ्यासमोर बसे आणि तिसऱ्या शब्दाला तिची मान कलत असे. मी चिडत असे. तिच्यावर चिडण्याचा अधिकार पहिल्यांदाच हातात आला होता, आणि तो मी किती सढळ वापरला ते आठवले की आज हातातले काम थांबते. इंग्रजीतला माणूस उठला काय आणि बाई उठली काय, शब्द जागचा हलत नाही. इटालियनमध्ये मात्र तो आमच्यासारखाच वळतो. उठला, उठली, उठले, उठल्या: आल्त्सातो, आल्त्साता, आल्त्साती, आल्त्साते. मला यात सगळे सोपे दिसत होते. इंग्रजीच्या सपाट डोंगीतून मी एका काठाचे सामान दुसऱ्या काठाला नेत होते आणि दोन्ही काठ एकाच मातीचे निघत होते. पण मायला काठही नको होता आणि डोंगीही. तिला झोप हवी होती.

एका सकाळी मी पुस्तिका आपटली आणि म्हणाले की तुझ्याने होणार नाही. माय उठली, घमेल्यात दवाखान्यातून आणलेली धुण्याची चादर घेऊन ती घोळू लागली, आणि घोळताना आपसूक गुणगुणू लागली. आजोळी जाते होते तेव्हाच्या ओव्या. जाते मागे राहिले, ओव्या तिच्या दंडांत राहिल्या होत्या. काही वारंवार करायचे हाती आले की बाहेर येत. भिंतीपलीकडे खालाची मशीन चालू होती आणि मायचा सूर त्या चाकाच्या फेऱ्यावर बसला होता, जात्याच्या घरघरीवर बसावा तसा. शाळेत मी छंद शिकत होते. मी पाटीवर ओवी मांडली आणि चादर पिळणाऱ्या मायपुढे ती म्हणून दाखवली:

पहिली माझी ओवी ग, उठायाच्या येळंची —
बाप्या उठे आल्त्सातो, बाई उठे आल्त्साता,
बाप्ये उठती आल्त्साती, बाया उठती आल्त्साते.

माय थांबली. चादरीतून पाणी गळत राहिले. मग तिने ती ओवी एकदा म्हटली, दुसऱ्यांदा म्हटली, आणि तिसऱ्यांदा म्हणताना माझा एक अडलेला शब्द बदलून, चाल मोकळी करून म्हटली. त्यानंतर शिकताना तिला कधीही झोप आली नाही. त्या ओवीला मी पुढे-मागे आणखी दोन क्रियापदे जोडली, आणि तशीच एका ओवीत तीन बसवत गेले, घरातल्या सकाळच्या क्रमाने: जाग येणे, उठणे, धुणे, मग कपडे घालणे, बसणे, खाणे, मग पडणे, रडणे, धरणे. साठ क्रियापदांच्या वीस ओव्या होणार होत्या. मी त्या माझ्या कवितेच्या वहीत लिही आणि चार-पाच दिवसांनी एक मायच्या हवाली करी.

आठवडाभराने खालाने भिंतीवर थाप मारली आणि खिडकीतून तोंड घालून मला सुनावले, “अगे शकू, तेरी अम्मी को बोल, जरा आहिस्ता गा. मेरा पाँव उसके पीछे भाग रा. सुबे से तीन कुर्ते के टाके उधेड रई मैं.” मायने आतून विचारले की मग मशीन हळू कोण चालवणार. खाला म्हणाल्या, चल, तू इटली पोहोचेपर्यंत मी हळू चालवते, नंतर मला कोण गाऊन दाखवणार आहे. आणि दुपारी त्यांनी झाकलेली ताटली पाठवली, पिवळ्या मसालेभाताची तहरी, वर तळलेला कांदा. असे आमचे वर्ग चालत. शनिवारी सिस्टर रोझलिन उच्चार तपासायला येत, स्टुलावर ताठ बसत, आणि हसू दाबताना त्यांच्या गळ्यातला क्रूस हलत असे. मायने वडिलांचे उदाहरण घेऊन म्हटले, मालक उठले, आल्त्साती. सिस्टरांनी विचारले की मालक किती होते. माय म्हणाली, “एकच व्हते. पर एकेरी कसं बोलू?” सिस्टरांनी समजावले की तिकडे देवालासुद्धा एकवचनच लावतात. “देवाला आमच्यातबी एकेरीच हाय,” माय म्हणाली, “देव घरचाच की. नवऱ्याचं तसं न्हाई.”

खाण्याच्या ओवीपाशी तिने मला अडवले होते, तेही आठवते. तिकडे माणूस उठला-पडला की शब्द त्याच्यासाठी वळतो, पण जेवला की वळत नाही, हे मी तिला सांगत होते. आणि आपल्याकडेही ‘तिने भाकरी खाल्ली’ म्हणताना खाणे भाकरीच्या मागे जाते, खाणारीच्या नाही, हे माझे मलाच बोलता बोलता सापडले होते. मी त्या शोधाने फुलून गेले होते. माय पोळपाट पुसत म्हणाली, “म्हंजे खाणारीला तिकडंबी कोणी इचारत न्हाई.” आणि टोपल्यात उरलेली एक भाकरी तिने तीन ठिकाणी मोडली, स्वतःकडे पापुद्र्याचा तुकडा ठेवून.

आता थांबून पाहताना वाटते की ते तीन महिने आमच्या घरातले सर्वांत सुखाचे होते, आणि तेच मला सहन होत नव्हते. माय माझ्याकडे पाहून शिकत होती. माझे शब्द तिच्या तोंडात राहत होते. दवाखान्यात ती म्हाताऱ्यांना उठवताना माझ्या ओव्या गाते असे सिस्टर सांगत. आणि हे सारे तिने माझ्यापासून दूर जावे म्हणून चालले होते. मी जितके चांगले शिकवीन तितकी ती लवकर जाणार होती. पुढे लोकांना सांगताना मी नेहमी शिक्षणाचे कारण सांगत आले, मामाच्या घरच्या दोन हातांचे कारण सांगत आले. ती कारणे खोटी नव्हती. पण तळाला काही वेगळेच होते. कुठल्या तरी परक्या गावात माझी माय कुण्या परक्या म्हातारीच्या श्वासासाठी थांबणार, तिचे जांभळे बोट कुणीतरी दुसरेच धरणार, हे मला पाहवत नव्हते. सतरा वर्षांची मुलगी आपल्या आईच्या हातांबद्दल इतकी कंजूष असू शकते हे मला तेव्हा ठाऊक नव्हते, आणि ठाऊक असते तरी मी ते कबूल केले नसते.

एकोणीस ओव्या झाल्या. विसाव्या ओवीत राहिले होते जाणे, वाट पाहणे आणि परत येणे. ती मला एका बैठकीत सुचली, एका दुपारी, वहीवरून हात न उचलता. इतकी सहज आलेली ओळ मी त्यानंतर क्वचितच लिहिली असेल. लिहून झाल्यावर मी ती वाचली आणि वही मिटून ट्रंकेत कपड्यांखाली ठेवली. मायने विचारले की शेवटची कुठे आहे. मी म्हणाले, जमत नाही. दुसऱ्या दिवशी विचारले, तिसऱ्या दिवशी विचारले. मी म्हणाले, ते शब्द चालीत बसत नाहीत. एकदा तर मी तिलाच उलट बोलले की एकोणीस पाठ झाल्या तेवढ्या पुष्कळ झाल्या, बाकीचे तिकडे जाऊन शिकशील. माय माझ्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, “हाव. न्हाई बसत तर न्हाई बसत.” त्यानंतर तिने कधी विचारले नाही.

लातूरला जायच्या दिवशी सकाळी माय न्हाणीत होती, चंदीला खालाकडे सोडले होते. मी ट्रंकेतून वही काढली. ते पान वहीत असू नये असे एकाएकी वाटले. वही बरोबर नेणार होते, वाटेत तिने चाळली तर, अशी भीती. मी पान फाडले. फाडताना समासात, ओळींच्या सुरुवातीला, जांभळट पुसटसे डाग दिसले. माझी शाई निळी होती. कुठे तरी दुसरी शाई लागली असेल असे मनात आले आणि गेले. मी पान पाण्याच्या चुलीत सारले. ते लगेच पेटले नाही. आधी कडा तांबूस झाल्या, अक्षरे क्षणभर अधिक काळी आणि स्पष्ट दिसली, मग आत वळली.

एस.टी.त मायने माझ्यासाठी खिडकी सोडली होती. लोहा मागे पडले, अहमदपूर मागे पडले. दोन्ही बाजूंना तुरी पिवळ्या फुलांनी भरल्या होत्या आणि कापणी झालेल्या रानांत उडदाचा भुसा ढिगाने उभा होता. आम्ही धपाटे खाल्ले, कागदात गुंडाळलेल्या दह्याच्या चक्क्याबरोबर. माय ओठांतल्या ओठांत पहिल्या ओवीपासून म्हणत होती आणि इंजिनाच्या घरघरीवर तिने चाल बसवून घेतली होती. चाकूर आले तेव्हा ती थांबली. तिच्या माहेराला जाणारा फाटा मागे जाताना तिने बाहेर पाहिले, आणि म्हणाली की तू मामाकडे राहशील तेव्हा मागच्या दाराच्या बाजूला झोपत जा, तिकडे वारा येतो. पदराच्या टोकाने तिने माझ्या हनुवटीवरचे दही पुसले.

निवड मिशनच्या आवारातल्या एका बैठ्या सभागृहात होती. उमेदवार बाया एकामागून एक आत जात होत्या. सोबत्यांनी बाहेर व्हरांड्यात थांबायचे होते. मी ज्या खिडकीपाशी उभी होते तिथून मायची पाठ दिसत होती, ताणून घातलेली वेणी दिसत होती, आणि टेबलापलीकडे त्या दोघी: एक वयस्क, पांढऱ्या केसांची, दुसरी तरुण. सिस्टर रोझलिन बाजूला बसल्या होत्या. वयस्क बाई काही विचारी, सिस्टर ते मराठीत सांगत, आणि मग माय गप्प होई. तिचे ओठ हलत. मला बाहेर उभ्या उभ्या कळले की काय होते आहे. मायला सुटा शब्द येत नव्हता. ‘बसली’ विचारले की तिला पहिल्या ओवीपासून निघावे लागे. जागी झाली, उठली, धुतले, कपडे घातले, आणि तेव्हा कुठे ती बसण्यापाशी पोहोचत असे. जात्याच्या फेऱ्यात मधूनच हात घालता येत नाही. मी तिला तसेच शिकवले होते.

तिसऱ्या प्रश्नाला तिचा सूर ओठांबाहेर आला. तरुण बाई हसली. थट्टेचे हसू नव्हते. वयस्क बाईने हातातले पेन खाली ठेवले आणि खुणेने सांगितले की थांबू नकोस. मग माय गायली. सबंध सभागृहात गायली, पहिल्या ओवीपासून, टेबलाच्या कडेवर तर्जनीने लय धरत. बाप्या पडे कादूतो, बाई पडे कादूता. व्हरांड्यातल्या बाया खिडकीशी गोळा झाल्या. सिस्टर रोझलिननी डोळे मिटले होते. नवव्या, दहाव्या ओवीनंतर वयस्क बाई शेवटचे शब्द मायबरोबर पुटपुटू लागली. मायची मान अशी कधीच ताठ पाहिली नव्हती. एकोणिसावी ओवी आली आणि संपली.

वयस्क बाईने मग एकच प्रश्न विचारला. तो मला शब्दशः समजला, कारण तो मी जाळलेल्या ओवीतला होता. तू कधी जाऊ शकतेस, आणि परत कधी येणार? सिस्टरांनी तो मराठीत सांगितला. ओळ माझ्या जिभेवर होती. खिडकीच्या गजापासून मायची खुर्ची चार हातांवर होती. मी नुसती गुणगुणले असते तरी तिला ऐकू गेले असते. माय मागे वळली आणि तिने सरळ माझ्याकडे पाहिले. किती वेळ पाहिले कोण जाणे. मी खाली पाहिले. व्हरांड्याच्या फरशीत एक मुंगळा स्वतःहून मोठे काही ओढत चालला होता. मग मायचा आवाज आला, मराठीतच, सावकाश: “तेवढं शिकायचं ऱ्हाऊन गेलं, सिस्टर.”

सिस्टरांनी तिला हळूच समजावले, मराठीत सांग, मी त्यांना सांगते. मायने नकाराची मान हलवली. पुढच्या खेपेला या असे तिला सांगण्यात आले. पुढची खेप दीड-दोन वर्षांनी आली तेव्हा सिस्टरांनी निरोप पाठवला. मायने कंबरेचे कारण सांगितले. आम्ही खोली सोडली नाही. मी बारावी झाले, बी.ए. झाले, मराठी घेऊन एम.ए. झाले, लातूरला नोकरीला लागले. चंदी लग्न होऊन उमरीला गेली. आणि माय आणखी एकवीस वर्षे नांदेडच्या त्याच दवाखान्यात माणसे उचलत राहिली, त्यांच्या श्वासासाठी थांबत राहिली. तिची पाठ शेवटी अशी गेली की तिला स्वतःलाच कोणीतरी उचलावे लागू लागले. लातूरहून परतीच्या एस.टी.त तिने मला विचारले होते, “भूक लागली का?” त्या दिवसाबद्दल त्यानंतर आमच्यात कधीही काही बोलणे झाले नाही.

मी दमले आहे हे इथे लिहून ठेवायला हरकत नाही. निवृत्तीला सहा वर्षे झाली. माय माझ्याकडे लातूरला असते, मागच्या दाराच्या बाजूच्या खोलीत, कारण तिकडे वारा येतो. रोज सकाळी मी पाणी कोमट करते, तिला कुशीवर वळवते, पुसते, कोरडे करते, पातळ बदलते. माझ्या दंडांत तिचे बळ नाही. मी श्वास चुकवते आणि ती कण्हते. तिला आता मी ओळखू येत नाही. कधी ती मला सिस्टर म्हणते, कधी मामाची बायको समजते, कधी नुसते ‘अहो बाई’ म्हणते. पण फडके पाठीवर फिरू लागले, वारंवार एकाच रेषेत फिरू लागले की तिच्या आत ती लय सुरू होते. नाव गेले, गाव गेले, वडिलांचा चेहरा गेला. बाप्या उठे आल्त्सातो राहिले. मी रोज एकोणीस ओव्या ऐकते. एकोणिसावी झाली की मी टॉवेल घेते. आमचे असे ठरून गेल्यासारखे आहे.

गेल्या आठवड्यात एका सकाळी एकोणिसावी झाली, मी टॉवेलसाठी वळले, आणि मागे तिचा सूर थांबला नाही.

सरती माझी ओवी ग, जाणाऱ्या ग वाटेची —
बाई गेली आंदाता, बाई आली तोर्नाता,
उंबऱ्याला दोघी लेकी, म्हणती माय तोर्नाता.

शब्द न् शब्द माझा होता. ‘उंबऱ्याला’ हा शब्द मी आधी ‘दारामंदी’ लिहून खोडला होता, तेही मला आठवले. ही ओवी मी तिला कधी दिली नव्हती. कुणालाच ऐकवली नव्हती. ती एकाच कागदावर होती, आणि तो कागद मी लातूरला जायच्या सकाळी माझ्या हाताने चुलीत घातला होता. म्हणजे त्याआधी केव्हा तरी, आम्ही घरी नसताना, ट्रंकेतले कपडे बाजूला सारून, सातवीपर्यंत शिकलेली ती बाई माझी वही मांडीवर घेऊन बसली असणार. एकेका अक्षरावर बोट ठेवत, समासापासून सुरू करत, ओळीमागून ओळ.

पलंगाच्या कडेवर बसून मी तिला विचारले, ही कुणी शिकवली. ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. “लेकीनं लिव्हली व्हती,” ती म्हणाली. “लई मोठी लेक हाय माझी, कालिजात हाय. मला दिली न्हाई तिनं ही. लपवून ठिवली.”

मग म्हटली का नाहीस, मी विचारले.

“तिला द्यायची नव्हती,” माय म्हणाली, जणू ही अगदी साधी गोष्ट होती. “लेकराला द्यायची न्हाई, मग आपुन कशाला म्हनावी?”

बाहेर कुणाची तरी मोटारसायकल सुरू होत नव्हती. किक मारल्याचा आवाज पुन्हा पुन्हा येत होता. भांड्यातले पाणी गार होत चालले होते. मायने मान जराशी वळवली आणि खांद्यावरून, माझ्या चेहऱ्याच्या आसपास कुठे तरी पाहत विचारले, “तुमी दवाखान्यातल्या हाव का, बाई?”

हाव, मी म्हणाले.

“मग पाठ जरा हळू पुसा,” ती म्हणाली. “लई माणसं उचलल्यात हिनं.”

मी फडके पुन्हा कोमट पाण्यात बुडवले, पिळले, आणि तिचा श्वास वर येईपर्यंत थांबले.